अडीच सुती नट

आमच्या सेवाग्रामात ‘सूत’ म्हटले की लहान पोरही चरख्याकडे बोट दाखवील. मिस्त्री लोकांचे सूत वेगळे. त्यांच्या भाषेत इंचाचे आठ भाग केले म्हणजे त्यातला एक भाग ते एक सूत. तीन सुती सळई, चार सुती बोल्ट असा त्यांचा व्यवहार चालतो. कायद्याने इंच केव्हाच हद्दपार केला, तरी चालतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी या दुसऱ्या सुतात जो गुरफटलो, तो होळी उलटेपर्यंत सुटलो नाही. कारण एवढेच की मला नट हवे होते. अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची. नग मोजून तीन. किंमत विचाराल तर सगळे मिळून चहाच्या एका कपाएवढी!

नट हवे होते ते थोरल्या मामांच्या बुलेटसाठी. मामा वर्ध्याला एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. १९५९ सालची ही बुलेट त्यांनी १९७० साली जुनीच विकत घेतली. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट अशी तिची पायपीट त्यांनी पुढे वीस-बावीस वर्षे केली. माझ्या आईला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी आणली ती याच गाडीवरून. आणि वाटेत पाऊस लागला म्हणून आईचा नवा शालू कसा भिजला, ही हकीकत आमच्या घरी दर दिवाळीला फराळाबरोबर वाढली जाते. नंतर गाडी गोठ्यात गेली आणि कडब्याच्या पेंढ्यांआड तीस वर्षे उभी राहिली. मामा आता ब्याऐंशीचे आहेत. एकदा सहज म्हणाले, “तिचा आवाज पुन्हा ऐकायला मिळाला असता, तर बरं झालं असतं.” त्यांनी काही मागावे असा हा बहुधा पहिलाच प्रसंग. मी गाडी बाहेर काढली.

वाचकांना वाटेल की इंजिनाने छळले असेल. मुळीच नाही. इंजिन मिस्त्रीने पंधरा दिवसांत मार्गी लावले. टाकी रंगवून झाली, रिमांना नागपुरात झळाळी चढली. अडले ते पुढच्या मडगार्डच्या दांड्यांपाशी. फोर्कच्या पायांना कायमचे बसवलेले चार स्टड. त्यांवर चार नट हवेत. त्यांपैकी तीन बेपत्ता आणि चौथा गंजून लाल झालेला.

मामांचा फिटरकीतला एक दंडक आहे. नट दोन बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. पाना लावायचा तो शेवटच्या पाव फेऱ्यासाठी. “पान्यानं जो जातो तो नट बसत नाही, घुसतो,” असे ते म्हणतात. हा दंडक पाळूनच नट शोधायचे असे ठरले, आणि त्यानेच माझा सगळा खटाटोप वाढवला.

वर्ध्याच्या हार्डवेअरच्या दुकानात आठ मिलिमीटरचा नट मिळाला. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, डोळ्यांना फरक दिसणेच शक्य नाही. पण नट एक फेरा गेला आणि अडला. आमचा मिस्त्री म्हणाला, “काहून एवढा जीव टाकता जी गुरुजी? स्टडाले नवी चुडी मारून टाकू, दहा मिनिटांचं काम आहे.” चुडी म्हणजे आटे. मामा खाटेवरून म्हणाले, “मारू नको. जुन्या चुडीवर नवी मारली की दोन्ही अर्ध्या मरतात. मग त्या स्टडाले कोणाचाच नट नाही.” मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले, मी मामांकडे. नव्या चुडीची गोष्ट तिथेच संपली.

एकाच जाडीचे दोन बोल्ट आणि तरी एकाचा नट दुसऱ्याला का चालू नये? शाळामास्तराला असा प्रश्न पडला की तो पुस्तकांकडे वळतो. मीही वळलो, आणि मळसूत्राचा इतिहास (मराठीत स्क्रूला हा किती छान शब्द आहे!) कुठल्याही राजघराण्याच्या इतिहासाइतकाच भाऊबंदकीने भरलेला आहे, हे ध्यानात आले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात यंत्रे धडाधड होऊ लागली होती. पण प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. नट आपल्या जोडीच्या बोल्टलाच बसायचा. यंत्र उकलले की कारागिरांना जोड्यांवर खुणा करून ठेवाव्या लागत. जोडी चुकली की काम बसलेच. या गोंधळावर तोड काढली जोसेफ व्हिटवर्थ या मँचेस्टरच्या यंत्रकाराने. मॉडस्ले या विख्यात कारागिराच्या हाताखाली त्याची उमेदवारी झाली होती. त्याने केले काय, तर निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि सरासरी काढली. आट्यांच्या धारांमधला कोन त्याने ५५ अंश धरला तो असाच, सरासरीने. १८४१ साली लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे त्याने ही योजना मांडली. पाव इंची बोल्टला इंचात २० आटे, ५/१६ ला १८, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८. कोणा एकाचे माप सगळ्यांवर लादले नव्हते, म्हणूनच की काय, ते सगळ्यांना मानवले.

त्याचा प्रताप दिसला क्रिमियाच्या युद्धात. इंग्रज आरमाराला उथळ पाण्यात चालणाऱ्या लढाऊ नौका तातडीने हव्या होत्या, आणि त्यांची नव्वद इंजिने नव्वद दिवसांत. जॉन पेन या कारखानदाराने नमुन्याचे इंजिन सुटे केले आणि एकेक भाग देशभरच्या कारखान्यांना वाटून दिला. माप एकच असल्यामुळे ठिकठिकाणाहून आलेले भाग एकत्र जुळले आणि मुदतीत इंजिने उभी राहिली. तोवर हे आटे आगगाडीतून आपल्याकडेही पोचले होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. १८६७ साली रूळ वर्ध्यावरून नागपूरला भिडले. इंजिने विलायती आणि त्यांचे आटेही विलायती. रूळांच्या मागोमाग इथल्या कापसाला जिनिंगची यंत्रे आली. मामांचा सगळा जन्म व्हिटवर्थच्या पान्यांत गेला तो असा. मात्र व्हिटवर्थ हे एका माणसाचे नाव आहे, हे त्यांना मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांची समजूत अशी की ती एक कंपनी असावी.

मामांच्या लाकडी पेटीत हे पाने अजून आहेत. त्यांच्यावरचे आकडे नवशिक्याला चकवतात. आजच्या पान्यावर त्याच्या तोंडाची रुंदी लिहिलेली असते. जुन्या विलायती पान्यावर बोल्टची जाडी. म्हणजे ‘पाव इंची’ पान्याचे तोंड पाव इंचाहून चांगलेच मोठे! शिवाय एकाच तोंडावर दोन आकडे: ‘१/४ व्हिटवर्थ’ आणि त्याच्याच शेजारी ‘५/१६ बी. एस.’. या जोडनावामागे युद्धातली काटकसर आहे. बारीक आट्यांच्या ब्रिटिश बोल्टचे डोके आधीपासूनच एक माप लहान असे. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायचे म्हणून इंग्रजांनी व्हिटवर्थ बोल्टचीही डोकी तेवढीच लहान केली. एका पेटीतल्या एका पान्यावर एवढा इतिहास कोरलेला आहे, आणि आम्ही मुले त्या पान्यांनी आवळे फोडत असू.

व्हिटवर्थने लावलेली ही एकी फार काळ टिकली नाही. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स नावाच्या गृहस्थाने ५५ अंश कापायला अवघड म्हणून ६० अंशांचा कोन सुचवला, आणि अर्ध्या इंचाला १२ ऐवजी १३ आटे केले. झाले, भावाभावांत वाटणी! पुढे १९०८ साली इंग्लंडातच मोटारींसारख्या हादरणाऱ्या यंत्रांसाठी बारीक आट्यांची पद्धत निघाली. तीत ५/१६ ला २२ आटे. हादऱ्याने नट सुटतो तो का, हे समजायला घाटरस्ता आठवावा. आटा म्हणजे बोल्टभोवती गुंडाळलेला चढ. चढ उभा असला की गाडी मागे घरंगळते. वळणावळणाने हलके हलके चढवला तर ती थांबते. आटे जितके दाट, तितका चढ सौम्य, आणि नट मागे फिरायला तितका नाखूष.

यांच्या जोडीला फ्रान्स-जर्मनीकडून मिलिमीटरवाले आले. त्यांचा हिशेबच निराळा: इंचात आटे किती हे ते मोजत नाहीत, एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत अंतर किती हे मोजतात. आठ मिलिमीटरच्या साध्या नटात हे अंतर सव्वा मिलिमीटर. वर्ध्याचा नट एका फेऱ्यात का अडला, ते आता उमगले. या भांडणाने सगळे जग किती पिडले होते, याचा एक दाखला पुरे. १९४७ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्था स्थापन झाली तेव्हा तिने विषयवार समित्या नेमल्या. त्यांतली क्रमांक एकची समिती मळसूत्रांच्या आट्यांसाठी होती! युद्धात दोस्त राष्ट्रांची तोफा-विमाने खांद्याला खांदा लावून लढली, पण इंग्रजी नट अमेरिकन बोल्टला बसत नव्हता. ते शल्य ताजे होते.

आपला देश नुकता स्वतंत्र झालेला. इथे या सगळ्यांचीच पंगत बसली. आगगाडी आणि जिनिंग व्हिटवर्थची. विलायती मोटारी बारीक ब्रिटिश आट्यांच्या. युद्धातून उरलेल्या आणि नंतर मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या जीप गाड्या अमेरिकन. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि मिलिमीटरला राजमान्यता मिळाली. मिलिमीटरचे आटे दुचाकीवरून आपल्या रस्त्यांवर आले त्याची एक वाट तर चक्क वर्ध्याच्या घराण्याची आहे. शेठ बछराज हे इथले धनिक. जमनालाल बजाज त्यांच्या घरी नातू म्हणून दत्तक आले. पुढे १९४५ साली या घराण्याने ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ काढली. तिने इटलीहून व्हेस्पा स्कूटर मागवायला सुरुवात केली, आणि तिचेच रूपांतर होऊन बजाज ऑटो झाली. इटलीचा माल, तेव्हा सगळा कारभार मिलिमीटरचा. १९६१ पासून म्हैसूरला जावा मोटरसायकली होऊ लागल्या. त्या चेकोस्लोव्हाकियाच्या, त्यांचाही कारभार मिलिमीटरचाच. आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला १९५५ पासून बुलेट होत होती, ती इंग्लंडातल्या रेडिचची, इंचाची. तेव्हाच्या मिस्त्रीला पान्यांचे दोन संच बाळगावे लागत. एक चुकून दुसऱ्यात मिसळला की शिकाऊ पोराचा कान लाल!

पुस्तके झाली, नट मात्र कुठे होते? गंजका नट खिशात घालून मी निघालो. नागपूरच्या भंगारात एक मिळाला, जाडी बरोबर. आटे मोजायच्या पत्त्या लावून पाहिले तर १८. व्हिटवर्थ! पुण्याला कामासाठी गेलो तेव्हा रविवार गाठून जुन्या बाजारात गेलो. फाटक्या गोणपाटावर नटांचा ढीग. दोन तास उकिडवा बसून दोन निवडले. मुक्कामावर येऊन मोजले तर एक २२ चा आणि दुसरा २४ चा. एक विलायती मोटारीचा आणि एक बहुतेक जीपचा. नागपूरचा, हे दोन आणि वर्ध्याचा असे चार नट मी टेबलावर ओळीने मांडले. चौघेही अडीच सुती, चौघांची तोंडे सारखी आणि एकाचे दुसऱ्याशी पटत नाही. इतिहासाचा तास घ्यायला याहून चांगले साहित्य मला आजवर मिळालेले नाही. आठवीच्या वर्गात तो तास मी घेतलाही.

मग मुंबई. भाचीच्या लग्नाला गेलो आणि मुहूर्त सायंकाळचा असल्याने सकाळी मशीद बंदराजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर पोचलो. जगातला कुठलाही नट इथे मिळतो अशी या गल्लीची ख्याती. तीन दुकाने झाली. चौथ्या दुकानदाराने मोठ्या उत्साहाने आठ मिलिमीटरचा एक मिलिमीटर आट्यांचा नट काढून दिला. पण मी सव्वा मिलिमीटरच्या नटाने एकदा शहाणा झालो होतो. हा चकवा तर त्याहून वाईट, कारण असा नट तीन-चार फेरे गोडीने जातो आणि मग आटे खाऊ लागतो. शेवटी एका पोटमाळ्याच्या दुकानात एक वृद्ध बोहरी गृहस्थ भेटले. त्यांनी माझा गंजका नट रॉकेलमध्ये बुडवला, ब्रशने घासला, भिंगाखाली धरला, पत्ती लावली. मग नट माझ्या हातात परत ठेवून हसत म्हणाले, “मास्टर, छब्बीस है. ये तो साईकल की चुडी है. इसके वास्ते वर्धा से आया?”

सायकलची चुडी! हे माझ्या आधी ध्यानात यायला हवे होते. कारण बुलेटची वंशावळ मी वाचली होती. रेडिच हे इंग्लंडातले सुया करणाऱ्यांचे गाव. तिथे १८५१ साली जॉर्ज टाऊनसेंड याने सुयांचा कारखाना काढला. त्याच कारखान्याचा धंदा सुयांवरून सायकलींवर आला, आणि १९०१ साली तिथे सायकलीच्या सांगाड्याला इंजिन जोडून पहिली मोटरसायकल झाली. तेव्हा मोटरसायकल म्हणजे इंजिनवाली सायकलच. सायकलीची नळी पातळ. तिच्यात जाड आटे खोदले तर नळीच उरत नाही. म्हणून १९०२ साली सायकल-इंजिनियरांच्या संस्थेने आपले आटे ठरवले ते दाट आणि उथळ: ५/१६ ला २६, आणि कोन ६० अंश. मोटरसायकल मोठी झाली, दांडगी झाली, तिने चारशे पौंड वजन अंगावर घेतले. पण हाडांत आटे आईकडचेच राहिले. खुद्द इंग्लंडने १९६५ साली आपले जुने आटे मोडीत काढायचे ठरवले. रेडिचची कंपनीही पुढे १९७० च्या सुमारास संपली. बुलेट जगली ती तिरुवोट्टियूरला.

आणि ते आटे जगले कुठे? तर आपल्या काळ्या सायकलीत. १९४९ नंतर आसनसोल, मद्रास, सोनीपत, लुधियाना इथे सायकलींचे मोठे कारखाने निघाले. त्यांनी नमुना घेतला तो विलायती रोडस्टरचा. अशा सायकलीच्या पुढच्या चाकाचा आस अजूनही ५/१६ इंची असतो आणि त्यावर २६ आटे असतात. दूधवाला जी चालवतो, आमच्या शाळेचा शिपाई जिला घंटेखाली टेकवून ठेवतो, ती.

परत आलो तो थेट सेवाग्रामच्या रस्त्यावरच्या सायकलवाल्याकडे. माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. पंक्चरच्या पाण्याची घमेली, वर टांगलेल्या ट्यूबा, आणि एका पत्र्याच्या डब्यात आसांचे नट. मी म्हटले, “पुढच्या चाकाचे नट द्या तीन.” तो म्हणाला, “कोणती सायकल आहे गुरुजी?” मी म्हटले, “बुलेट.” तो बिचारा माझ्याकडे पाहतच राहिला. चौथा नट त्याने वर फुकट दिला, म्हणाला, “असू द्या, हरवतेच.”

तिथून येताना मला एक गोष्ट आठवली. गांधीजी यंत्रांचे वैरी, असे आपण सर्रास बोलतो. १९२४ साली रामचंद्रन नावाच्या तरुणाने त्यांना यंत्रांविषयी छेडले, तेव्हा त्यांनी शिवणयंत्राची वाखाणणी केली. आणि चात्यांचा दाखला दिला. चाती वाकली की सूत तुटते. चाती सरळ करणारे यंत्र निघाले तर मी त्याचे स्वागतच करीन, असे ते म्हणाले. लोहार चात्या करीतच राहील. पण वाकलेली चाती सरळ करायचे साधन कातणाऱ्याच्या स्वतःच्या घरात असावे. पुढे १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. एक लाख, त्या काळचे! अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या आत. झोपडीत चालला पाहिजे. वीस वर्षे टिकला पाहिजे. आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून जास्त होता कामा नये. बक्षिसाच्या जाहिरातीत दुरुस्तीचा खर्च मांडलेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. किर्लोस्करवाडीला तयार झालेले यंत्रही कसोटीला पुरते उतरले नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे मांडलेले आहेत. मी मुलांची सहल घेऊन जातो तेव्हा पोरे चाके फिरवून पाहायला धडपडतात. आता मी त्यांच्या खिळ्या आणि नटही पाहत जाणार आहे.

घरी आलो तेव्हा मामा अंगणात खाटेवरच बसले होते. गाडी त्यांच्यासमोर स्टँडवर उभी. त्यांनी नट तळहातावर घेतला, चष्मा वर करून आतून पाहिला. त्यांची बोटे आता थरथरतात. दोनदा नट निसटला आणि मी पुढे झालो, तर त्यांनी मान हलवली. तिसऱ्या वेळी तो धरला. दोन बोटांनी, हळूहळू, शेवटपर्यंत. मग मिस्त्रीकडे हात पुढे करून म्हणाले, “आता पाना दे.”

गाडी पाडव्याला सुरू करायचे ठरले होते, ते मात्र साधले नाही. बुलेटच्या पुढच्या चेनकेसचे झाकण एकाच मोठ्या नटावर, मधोमध, बसते. तो नट लावायला काढला, तर आतल्या बाजूने फुटलेला निघाला. तो सायकलवाल्याकडे मिळण्यासारखा नाही. पत्त्या लावून आटे मोजून ठेवले आहेत, आणि मामांनी नागदेवीच्या त्या बोहरी गृहस्थांचा पत्ता माझ्याकडून कागदावर लिहून घेतला आहे.